वसई किल्ल्यातील गोल कमानी आणि युरोपातील मध्ययुगीन चर्चशैली: खरी ओळख कशावरून पटवावी?

पाचूबंदर (विचारणा)

नमस्कार. मी वसईत राहतो आणि पावसाळा सरला की शाळकरी मुलांना किल्ल्यातील चर्चचे भग्नावशेष दाखवायला नेतो. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला, एवढे मुले पाठ्यपुस्तकांतून वाचून येतातच. यंदा त्यांना त्या इमारती अशाच का बांधल्या, हे समजावून सांगावे असा माझा मानस आहे. त्यासाठी युरोपातील मध्ययुगीन चर्चच्या शैलींविषयी मी बरेच वाचन केले, परंतु एका ठिकाणी येऊन अडलो आहे.

सर्वसाधारण पुस्तकांत अशी मांडणी आढळते की अकराव्या-बाराव्या शतकांतील रोमनेस्क शैलीत कमानी अर्धवर्तुळाकार, भिंती जाड आणि खिडक्या लहान असतात, तर बाराव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समध्ये उदयास आलेल्या गॉथिक शैलीत कमानी टोकदार, भिंती हलक्या आणि खिडक्या उंच असतात. ही कसोटी लावली तर वसईचे सेंट जोसेफ चर्च काय किंवा फ्रान्सिस्कन संन्याशांचे चर्च काय, सगळीकडे गोल कमानी आणि जाड भिंती दिसत असल्यामुळे त्यांना रोमनेस्क म्हणावे लागेल. पण ती शैली युरोपात मागे पडून तेव्हा तीन-साडेतीनशे वर्षे होऊन गेली होती. उलट, टोकदार कमान म्हणजे गॉथिक असे धरले, तर दाभोळची आदिलशाही मशीद आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस एकाच रांगेत येऊन बसतात. मुलांना सांगता येईल अशी खरी, भरवशाची खूण कोणती? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जांभा-चुना

नमस्कार पाचूबंदर. माझा व्यवसाय जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा आहे आणि रत्नागिरी-मालवण भागात जांभ्याच्या भिंतींशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून मी बांधकामाच्या बाजूने उत्तर देतो. माझ्या मते कमानीच्या आकारापासून सुरुवात केली की गोंधळ होणारच. आधी छत पाहावे. छत कशाचे आहे, त्याचे वजन कोणत्या दिशेने खाली उतरते आणि ते पेलण्यासाठी भिंतीला काय करावे लागले, हे तीन प्रश्न विचारले की मध्ययुगातील बहुतेक शैली आपोआप उलगडत जातात.

आरंभीच्या ख्रिस्ती चर्चना रोमन लोकांच्या सार्वजनिक सभागृहाचा नकाशा मिळाला. मधोमध लांबट उंच दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगांपलीकडे कमी उंचीची दालने आणि शेवटी वेदीमागे अर्धवर्तुळाकार भिंत. वर लाकडी कैच्या आणि त्यांवर कौले. असे छत भिंतीवर सरळ खाली वजन टाकते, तिला बाहेर ढकलत नाही, म्हणून भिंत फार जाड असण्याचे कारण नसते. परंतु लाकडी छत पेट घेते, आणि मेणबत्त्या, वीज व लढाया यांमुळे अशा आगी वारंवार लागत. दगडी छताची ओढ लागण्यामागे हे एक कारण होते. दगडी छताखाली स्तोत्रगायन घुमते, हे दुसरे कारणही मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

दगडी कमानछत आले आणि सगळे गणित बदलले. अर्धगोल बोगद्यासारखे छत भिंतीच्या संपूर्ण लांबीवर सतत बाहेरच्या दिशेने रेटा देते. त्या रेट्याला तोंड देण्यासाठी भिंत जाड ठेवावी लागते आणि तिच्यात मोठी खिडकी पाडण्याचे धाडस करता येत नाही. रोमनेस्क चर्चचे अंधारलेपण आणि भारदस्तपण हे अशा रीतीने त्याच्या छतातून आलेले आहे. स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथील कॅथीड्रल (म्हणजे बिशपचे, प्रांताच्या धर्मप्रमुखाचे, मुख्य चर्च) १०७५ च्या सुमारास बांधावयास घेतले, तेव्हा कारागिरांनी बाजूच्या दालनांवर आणखी एक मजला चढवला आणि त्याच्या छताकरवी मधल्या उंच छताचा रेटा तोलून धरला. उपाय उत्तम होता, पण मधल्या दालनाला थेट उजेड मिळेनासा झाला. जर्मनीतील श्पायरच्या कॅथीड्रलमध्ये, अकराव्या शतकाच्या अखेरच्या दुरुस्तीत, दोन अर्धगोल छते एकमेकांना काटकोनात छेदतील अशी रचना केली. तिच्यात वजन चार कोपऱ्यांकडे जाते आणि भिंतीचा वरचा भाग खिडकीसाठी मोकळा होतो.

यातील अडचण भूमितीची आहे. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी असते. ती कारागिराच्या मर्जीवर नसते. त्यामुळे खालची जागा चौरस असेल तर चारही बाजूंच्या कमानी एका उंचीवर येतात, पण जागा लांबट चौकोनी असेल तर अरुंद बाजूची कमान ठेंगणी आणि रुंद बाजूची उंच होते, आणि छताचा मेळ बसत नाही. टोकदार कमान या बंधनातून सोडवते, कारण तिची रुंदी कायम ठेवून उंची कमीजास्त करता येते. शिवाय ती वजन अधिक उभे उतरवते, त्यामुळे बाहेरचा रेटा कमी होतो. इंग्लंडमधील डरहॅम कॅथीड्रलचे काम १०९३ साली सुरू झाले आणि ११३३ च्या सुमारास मुख्य दालनाचे छत पुरे झाले. त्या छतात आधी दगडी बरगड्या उभ्या केल्या आणि मग गलबताच्या सांगाड्यावर फळ्या बसवाव्यात तशी मधली जागा भरून काढली. या छताला आधार देणाऱ्या आडव्या कमानी टोकदार आहेत, तरीही डरहॅमची गणना रोमनेस्कमध्येच होते. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातील क्लूनीच्या १०८८ साली आरंभलेल्या प्रचंड मठचर्चमध्येही टोकदार कमानी होत्या. म्हणून एकट्या टोकदार कमानीवरून शैली ठरवू नये.

गॉथिक म्हणजे टोकदार कमान, बरगड्यांचे छत आणि भिंतीबाहेरील आधार या तिन्हींचा एकत्रित विचार. पॅरिसजवळील सॅं-दनी येथे मठाधिपती स्यूजेर याने वेदीकडील भाग नव्याने बांधवून घेतला, तो ११४४ साली पूर्ण झाला. तेथे रेटा ठरावीक बिंदूंवर एकवटला आणि त्या बिंदूंच्या मधली भिंत काचेसाठी मोकळी झाली. पुढे त्या बिंदूंना बाहेरून अर्ध्या कमानीचे उडते टेकू दिले गेले, म्हणजे बाजूच्या दालनांच्या छपरावरून हवेतून जाऊन दूरच्या भरीव खांबाला भिडणारे टेकू. मग उंचीची चढाओढच लागली. फ्रान्समधील आमियाँच्या कॅथीड्रलच्या छताची उंची सुमारे ४२ मीटर, तर बोव्हेच्या कॅथीड्रलच्या छताची सुमारे ४८ मीटर. बोव्हेचे हे छत १२८४ साली अंशतः कोसळले आणि ते चर्च आजतागायत अपुरेच आहे. पॅरिसच्या सेंट-शॅपेलमध्ये, १२४८ साली, भिंत जवळजवळ नाहीशी झाली आणि तिच्या जागी सुमारे १५ मीटर उंचीच्या पंधरा रंगीत खिडक्या आल्या. या कारागिरांकडे आजच्यासारखी ताण-दाब मोजण्याची गणिते नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्याविषयी अपार आदर वाटतो.

आता वसईकडे येऊ. तेथील मुख्य दालनांवर लाकडी, कौलारू छत असे. म्हणूनच आज ती आभाळाखाली उघडी आहेत. लाकूड गेले, भिंती उरल्या. म्हणजे त्या भिंतींची जाडी दगडी छताचा रेटा पेलण्यासाठी आलेली नाही. ओबडधोबड दगड चुन्यात बसवून उंच भिंत उभारायची आणि तिने कोकणचा पाऊस सोसायचा, तर ती जाड असावीच लागते. गोल कमानी आल्या त्या सोळाव्या शतकातील प्रबोधनकालीन अभिरुचीतून, जिने प्राचीन रोमचे खांब, गोल कमानी आणि प्रमाणबद्ध दर्शनी भाग पुन्हा आदर्श मानले. रोमनेस्क कारागीर आणि वसईचे कारागीर यांच्या कमानी सारख्या दिसतात, कारण दोघांचाही दूरचा पूर्वज रोमन आहे. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे मात्र नाही.

मांडवीकाठ

जांभा-चुना यांच्या विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात गोव्याच्या बाजूने भर घालतो, कारण मध्ययुगाचा शेवटचा धागा कोकण किनाऱ्याला लागला तो गोव्यातच स्पष्ट दिसतो.

पोर्तुगालमध्ये गॉथिक परंपरा उशिरापर्यंत टिकली. अल्कोबासाचे चर्च (आरंभ ११७८, अभिषेक १२५२) हे तिचे सुरुवातीचे आणि अत्यंत संयमी रूप. तेथे बाजूची दालने मधल्या दालनाइतकीच उंच असल्यामुळे मधल्या छताचा रेटा बाजूची छतेच तोलून धरतात. १३८५ साली अल्जुबारोताच्या लढाईत पोर्तुगालने कॅस्टीलवर मिळवलेल्या विजयानंतर बांधावयास घेतलेले बातल्याचे मठचर्च हे तिचे बहरलेले रूप. राजा मान्युएल पहिला (कारकीर्द १४९५ ते १५२१) याच्या काळात या गॉथिक सांगाड्यावर दोरखंड, गाठी, पोवळी, आकाशगोल असे समुद्रप्रवासाशी निगडित कोरीवकाम चढले. त्यालाच मान्युएलीन शैली म्हणतात. लिस्बनमधील जेरोनिमोस मठ हा तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० साली, म्हणजे ही शैली भरात असताना.

म्हणून जुन्या गोव्यात दोन ठिकाणे आवर्जून पाहावीत. पहिले, असिसीच्या सेंट फ्रान्सिसचे चर्च. आजची इमारत १६६१ ची असली तरी तिचा काळ्या दगडातील मुख्य दरवाजा आधीच्या, १५२१ सालच्या सुमाराच्या, चर्चमधून राखून ठेवलेला आहे. पांढऱ्या चुनेगच्ची भिंतीत तो दरवाजा वेगळाच उठून दिसतो. दुसरे, टेकडीवरील रोझरी चर्च, सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधलेले. बाहेरून ते लहानशा गढीसारखे भासते: कोपऱ्यांना गोल बुरूजवजा मनोरे, उंचावर असलेल्या खिडक्या आणि दगडात कोरलेले दोरखंडाचे वेढे. त्याच्या कमानछतात गॉथिक पद्धतीच्या बरगड्या आहेत. आत गव्हर्नर गार्सिया द सा याची पत्नी कातारिना आ पिरो हिचे स्मारक आहे, आणि त्यावरील कोरीवकाम गुजराती हाताचे वाटते. लिस्बनचा सांगाडा आणि खंबायतच्या धाटणीची नक्षी एकाच छपराखाली नांदताना पाहायची असेल, तर माझ्या मते याहून चांगली जागा नाही.

यानंतर मात्र वारे बदलले. १५६२ साली सुरू झालेले से कॅथीड्रल आणि १५९४ ते १६०५ या काळात बांधलेले बॉम जेझू चर्च यांत मध्ययुग मागे पडून प्रबोधनकालीन वळण आलेले दिसते. वसईतील जी चर्च आपण आज पाहतो, त्यांची उभारणी आणि पुनर्बांधणीही बहुतांशी याच बदलत्या काळातली आहे.

गिरीज

मी वसईची ख्रिस्ती रहिवासी आहे आणि चर्चच्या उपासनेशी माझा लहानपणापासूनचा परिचय आहे. वरील उत्तरांत छत आणि भिंत यांचे उत्तम विवरण आले आहे, परंतु चर्च कोणासाठी बांधले जात होते हा मुद्दा सुटला, म्हणून लिहिते.

मध्ययुगातील मोठे चर्च बहुधा मठाचे किंवा बिशपचे असे. दिवसातून अनेकदा ठरलेल्या वेळी स्तोत्रे म्हणणारे मठवासी किंवा धर्मगुरू वेदीजवळच्या भागात समोरासमोर बसत, आणि त्यांच्या व सामान्य भाविकांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी दगडी किंवा लाकडी पडदी असे. भाविकाला वेदी दुरूनच दिसे, कित्येकदा दिसतही नसे. यात्रेच्या चर्चमध्ये आणखी एक सोय लागे. संतांचे अवशेष पाहण्यास येणाऱ्या गर्दीने उपासनेत व्यत्यय आणू नये म्हणून वेदीच्या मागून फिरणारी वाट आणि तिला लागून लहान लहान वेदिका ठेवत. सांतियागोला ती वाट आजही वापरात आहे. आपल्याकडील देवळांतल्या प्रदक्षिणामार्गाची ज्यांना सवय आहे, त्यांना तिचे प्रयोजन पटकन उमजते.

सोळाव्या शतकात ही गरजच बदलली. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेनंतर प्रवचनाला आणि वेदी सर्वांना दिसण्याला महत्त्व आले. रोममधील जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या जेसू या चर्चचे काम १५६८ साली सुरू झाले. त्यात मधे एकच रुंद दालन ठेवले, बाजूच्या खांबांच्या रांगा काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी भिंतीत वेदिका घेतल्या. वसई किल्ल्यातील एखाद्या चर्चच्या मध्यभागी उभे राहिलात तर समोरची वेदीची कमान मधे काहीही न येता पूर्ण दिसते. मुलांना तेथे उभे करून हे प्रत्यक्ष दाखवावे, आणि मग त्यांना विचारावे की मधे दोन्ही बाजूंना जाड खांब आणि पुढे एक पडदी असती तर मागे उभ्या माणसाला काय दिसले असते. मध्ययुगीन चर्च आणि आपले चर्च यांतील हा फरक मला कमानीच्या आकारापेक्षा अधिक मूलभूत वाटतो, कारण तो माणसांच्या उभे राहण्याशी आणि ऐकण्याशी जोडलेला आहे.

आगरकोट

दाभोळच्या मशिदीच्या उल्लेखावरून थोडेसे लिहितो. टोकदार कमान इस्लामी वास्तुकलेत गॉथिकच्या पुष्कळ आधीपासून रुळलेली होती. कैरोतील इब्न तुलूनची मशीद ८७९ सालची आहे आणि तिच्या कमानी टोकदार आहेत. दख्खनेत ती सुलतानांच्या काळात आली, चर्चशी तिचा संबंध नाही. त्यामुळे कोकणात टोकदार कमान दिसली की आधी तिच्या बांधकामाचा काळ आणि बांधणारा विचारावा.

आणखी एक गोष्ट. मध्ययुगीन ख्रिस्ती वास्तुकला म्हणजे रोमनेस्क आणि गॉथिक एवढीच नाही. पूर्वेकडील बायझंटाइन परंपरा घुमटाची आहे. कॉन्स्टॅन्टिनोपलचे हागिया सोफिया ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत उभे राहिले, त्याचा पहिला घुमट ५५८ साली कोसळला आणि नंतर तो अधिक उंच करून पुन्हा बांधला. चौकोनी जागेवर गोल घुमट बसवण्यासाठी तेथे चार कोपऱ्यांत वक्र त्रिकोणी भाग घेतले आहेत. विजापूरच्या गोलघुमटाने हाच प्रश्न एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी सोडवला. मुले सहलीला विजापूरला जातातच, तेव्हा ही तुलना त्यांना सहज समजावी.

पाचूबंदर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. छतापासून सुरुवात करण्याची सूचना मला फार मोलाची वाटते आणि गिरीज ताईंनी सांगितलेला प्रयोग मी नक्की करीन. आता एकच शंका उरली. भग्न चर्चचे छतच उरलेले नसताना, तेथे पूर्वी लाकडी छत होते की दगडी, हे उभ्या भिंतीवरून कसे ओळखावे? तसेच, गॉथिक बांधकाम मुलांना जवळपास कोठे दाखवता येईल?

जांभा-चुना

भिंतीवर चार खुणा शोधाव्यात. दगडी कमानछत पडले तरी त्याचे अगदी खालचे थर बहुधा भिंतीतच अडकून राहतात, आणि भिंतीतून आतल्या बाजूला झुकत वर जाणारा दगडांचा तुटका काठ दिसतो. असा काठ सलग असेल तर छत बोगद्यासारखे होते. ठरावीक अंतरावर कोपऱ्याकोपऱ्यांत असेल तर छेदणाऱ्या किंवा बरगड्यांच्या छताची शक्यता असते. दुसरी खूण बाहेरची: जेथे रेटा पडतो त्याच्या नेमके पाठीमागे भिंतीला भरीव पुस्ती दिलेली असते. लाकडी छताच्या बाबतीत भिंतीच्या माथ्याजवळ तुळयांसाठी ठेवलेल्या चौकोनी खोबणी सापडतात, ही तिसरी. चौथी म्हणजे मनोऱ्याच्या किंवा दर्शनी भिंतीच्या आतल्या अंगाला उतरत्या छपराची तिरकी रेघ, जेथे कौले भिंतीला टेकत. आपल्याकडे पुष्कळदा वेदीवरच्या छोट्या भागापुरते दगडी कमानछत आणि लोकांच्या मोठ्या दालनावर लाकूड असा दुहेरी प्रकार असे, त्यामुळे एकाच चर्चमध्ये दोन्ही प्रकारच्या खुणा आढळल्या तर आश्चर्य वाटू नये. वेदीकडच्या आणि लोकांच्या भागातल्या भिंती स्वतंत्रपणे तपासाव्यात.

मोठ्या दालनावर जड कमानछत घालण्याचा प्रयत्न या किनाऱ्यावर झाला नाही असे नाही. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या चर्चचे छत १८४२ साली कोसळले, आणि आज तेथे सुमारे ४६ मीटर उंच मनोऱ्याचा उरलेला भाग उभा आहे. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरतो, आणि त्यातून गॉथिक बरगडीसारखा सडपातळ भाग घडवणे अवघड जाते. देखभाल थांबून छपराने पाणी धरले की भिंतीचे बळ झपाट्याने कमी होते. बॉम जेझूचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकला, त्याबद्दल मला याच कारणाने मनापासून वाईट वाटते. जांभ्याला चुन्याचा गिलावा शोभेसाठी लागत नाही, पावसापासून वाचण्यासाठी लागतो. त्याच इमारतीच्या उत्तरेकडील भिंतीला नंतरच्या काळात बाहेरून अर्ध्या कमानीसारखे टेकू दिलेले आहेत. उडत्या टेकूचे तत्त्व मुलांना समजावण्यासाठी त्यांचे छायाचित्र अवश्य दाखवावे, कारण भिंत बाहेर झुकू लागली की काय करावे लागते हे त्यात उघड दिसते.

अस्सल मध्ययुगीन गॉथिक आपल्या किनाऱ्यावर नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते जुने वळण पुन्हा हाती घेतले, त्याचे नमुने मुंबईत आहेत. कुलाब्याचे अफगाण चर्च (अभिषेक १८५८) हे वसईहून एका दिवसाच्या सहलीत पाहून होते आणि त्यात टोकदार कमानी, उंच निमुळता मनोरा व रंगीत काचा एकत्र पाहायला मिळतात. फक्त मुलांना काळ आधी सांगावा, म्हणजे वसईची चर्च त्याहून अडीचशे-तीनशे वर्षांनी जुनी असूनही दिसायला कमी मध्ययुगीन का, हा प्रश्न ती स्वतःच विचारतील.

किल्ल्यातील खुणा शोधायला पावसाळ्यानंतर लगेच जाऊ नये. तेव्हा भिंतींचे माथे झाडोऱ्याने झाकलेले असतात आणि खोबणी दिसत नाहीत. माघ-फाल्गुनात रान वाळले की सकाळच्या तिरप्या उन्हात जावे. भिंतीतून पुढे आलेल्या दगडांची सावली पडते आणि तुटलेल्या छताचा काठ लांबूनही ओळखता येतो. मुलांना मात्र भिंतींपासून दूर उभे करावे, कारण वरचे दगड सैल झालेले असू शकतात. हातात दुर्बीण असेल तर उत्तम.